दुपारी दोनचा वारा

"या बाजूला या, मिस कीलर," कर्नल स्टॅन्विक म्हणाले. "डावीकडून बोललात तर तुमचं बोलणं थेट शायलोच्या रणांगणावर जाऊन पडतं. माझ्यापर्यंत पोचतच नाही."

मी बाकाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत, त्यांच्या डाव्या कानाशी तोफ उडाली होती आणि तेव्हापासून तो कान कायमचा गेला होता. आमच्या कॅलडर्स फोर्ड गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं ऐकायचं त्याला कर्नल उजवीकडे बसवत. न्यायालयात, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावरसुद्धा.

ही गोष्ट १८७०च्या सप्टेंबरमधली. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होते. शाळा नुकतीच सुटली होती. कर्नल पहिल्या रांगेतल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, कारण तो बाक दहा वर्षांच्या मुलींसाठी केलेला होता. दारात ज्यूड हॅझलेट उभा होता. हातातली टोपी तो सारखी गोल फिरवत होता.

"सार्जंट, आत ये. बाई चावत नाहीत," कर्नल म्हणाले.

"बूट चिखलाचे आहेत, कर्नलसाहेब."

"मग दारातच थांब आणि तिथूनच घाबर." मग ते माझ्याकडे वळले. "मिस कीलर, तुमची ती हवामानाची वही मला बघायची आहे. मे महिन्याची."

माझ्या वहीबद्दल गावात एकाच माणसानं कधी काही विचारलं होतं, ते म्हणजे कर्नल. चार वर्षं मी वॉशिंग्टनच्या एका संस्थेसाठी हवेच्या नोंदी ठेवत होते. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ. तापमान, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, ढग, पाऊस. देशभर असे काही शे लोक होते आणि त्यांत बायका अगदी थोड्या. दर महिन्याला मी छापील तक्ता भरून पाठवत असे. गाव याला 'कीलरबाईंचा कोंबडा' म्हणे, कारण शाळेशेजारच्या माझ्या घराच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पितळी वातकुक्कुट होता. कर्नलनी मात्र एकदा तासभर बसून तापमापक कसा वाचायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं होतं. हे मी आधीच सांगते, कारण त्याचा पुढच्या सगळ्याशी संबंध आहे.

"मे महिना कशासाठी?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"तीस मे. गिरणीची आग."

तीस मे हा युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहण्याचा दिवस. त्या दुपारी नदीकाठची पिठाची गिरणी जळाली आणि एबेन रूट नावाचा म्हातारा गाडीवान घोडे सोडवायला आत गेला, तो बाहेर आला नाही. गिरणीच्या नैऋत्येला, रस्त्यापलीकडे, ज्यूड हॅझलेटचं शेत. तो त्या दिवशी शेतात झुडपं तोडून जाळत होता. त्याच्याच ठिणग्या गिरणीच्या छपरावर गेल्या असा आरोप होता, आणि कर्नल त्याचे वकील होते. आग मोकाट सोडून माणसाचा जीव घेतल्याबद्दल त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकला असता.

"त्या दिवशी सगळं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत होतं," मी हॅझलेटला म्हटलं. "तुम्ही का नव्हतात?"

त्यानं टोपी फिरवायची थांबवली. "तिथे तोफेची सलामी देतात ना, बाई. मेलेल्यांना मी घरूनच आठवतो."

"आणि वारा कुठून होता?"

"धूर डोळ्यांत जात होता एवढं आठवतंय. मी जागा बदलली की धूरही बदलायचा."

"ऐकलंत?" कर्नल म्हणाले. "हा आरोपी. स्वतःला वाचवण्यापुरतंसुद्धा खोटं बोलता येत नाही. मी सतरा साक्षीदारांना विचारलं, मिस कीलर, आणि मला सतरा वारे मिळाले. कोणी म्हणतो दक्षिणेचा, कोणी म्हणतो पान हलत नव्हतं. माणसं टेकडीवर होती, त्यांचं वाऱ्याकडे लक्ष कशाला असेल? लक्ष असलं तर तुमच्या वहीचं."

मी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. तीस मे. सकाळी सात: ईशान्य, जोर दोन. दुपारी दोन: ईशान्य, जोर दोन. रात्री नऊ: ईशान्य, जोर एक.

कर्नलनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी पानाकडे पाहत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते खूश झाले नाहीत. थकल्यासारखे दिसले.

"ईशान्येचा म्हणजे ईशान्येकडून येणारा," ते हळूच म्हणाले. "गिरणीकडून ज्यूडच्या शेताकडे. म्हणजे त्याचा धूर गिरणीपासून लांब जात होता."

"हो."

"ज्यूड, बाहेर घोड्यांपाशी थांब."

तो गेल्यावर कर्नल बाकातून कसेबसे उठले. "या माणसानं मला दीड मैल पाठीवर वाहून नेलं," ते म्हणाले. "मी शुद्धीत होतो. मी त्याला तीनदा म्हटलं, मला टाक आणि पळ. हुकूम म्हणून सांगितलं. सबंध युद्धात त्यानं मोडलेला हा एकच हुकूम. तो तुरुंगात पाच वर्षं जगणार नाही. दार बंद असलेल्या खोलीत तो झोपूसुद्धा शकत नाही, माहीत आहे?"

"वहीत आहे ते मी सांगेन," मी म्हटलं.

"बस. तेवढंच," कर्नल म्हणाले. "वहीत आहे तेवढंच."

*

खटला गुरुवारी उभा राहिला. कर्नल त्या शरदात काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, निवडणुकीला उभे होते, त्यामुळे गर्दी दुप्पट होती. जागा न मिळालेली माणसं खिडक्यांत बसली होती.

माझ्याआधी हाल्वर लुंडची साक्ष झाली. लुंड नॉर्वेहून आलेला, गिरणीच्या दगडांना टाकी लावणारा कारागीर. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की तो पोलादी टाकीनं त्यांवर पुन्हा खाचा पाडत असे. त्या दिवशी गिरणी बंद होती म्हणून तो एकटा आत दगडांना टाकी लावत बसला होता. त्याला आमची भाषा जेमतेम येत होती. दर चार शब्दांनी तो खोकत असे. दगडाची धूळ छातीत बसलेल्या कारागिरांचा तो कोरडा खोकला.

सरकारी वकील टॉलिव्हर यांनी विचारलं, "आग तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिली?"

"वर. छप्पर. बाहेरून आत." लुंडनं हातानं दाखवलं. "छप्पर पहिलं. मग मी नदीत."

मग कर्नल उठले. त्यांनी उजवा कान लुंडकडे केला.

"मि. लुंड, दगडावर टाकी बसते तेव्हा ठिणगी उडते?"

"उडते."

"प्रत्येक घावाला?"

"पुष्कळ घावाला."

"मिनिटाला किती घाव?"

लुंडनं मनात मोजलं. तो काटेकोर माणूस होता, त्यानं खरंच मोजलं. "साठ. सत्तर."

"आणि त्या खोलीत पिठाची धूळ असते?"

"असते. पण मी झाडलं. मी पाणी मारलं. वीस वर्षं मी—"

"आभारी आहे," कर्नल म्हणाले आणि बसले.

लुंडची बायको मारित दुसऱ्या रांगेत होती. नवऱ्याला काय विचारलं गेलं ते तिला कळलं नव्हतं. लोक एकमेकांकडे का पाहताहेत हे ती शेजारणीला विचारत होती.

मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी वही घेऊन खुर्चीत बसले. शपथ घेतली. कर्नल जवळ आले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता.

"मिस कीलर, ही वही तुमची?"

"हो."

"यातलं अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तीस मेच्या ओळीत, दुपारी दोनच्या रकान्यात, वाऱ्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून दाखवाल?"

मी पान उघडलं. न्यायालयाच्या उंच खिडकीतून ऊन वहीवर तिरपं पडलं होतं, आणि त्या उजेडात मला एक गोष्ट दिसली जी शाळेत दिसली नव्हती.

माझी पद्धत अशी होती: नोंद घ्यायची ती जागेवर, पेन्सिलीनं. वातकुक्कुटाकडे बघायचं आणि लगेच लिहायचं. रात्री नऊची नोंद झाली की दिवसभराच्या पेन्सिलीवरून शाईनं गिरवायचं. त्यामुळे प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीची करडी कड राहायची. सबंध पानभर ती होती. तीस मेच्या दुपारी दोनच्या रकान्यात ती नव्हती. तिथे नुसती शाई होती.

माझ्या लक्षात सगळं एकदम आलं. त्या दुपारी मी घरी नव्हतेच. मी टेकडीवर होते. माझ्या वर्गातल्या चोवीस मुली, फुलांच्या टोपल्या, एक वाजता सुरू झालेला आणि गिरणीचा धूर दिसेपर्यंत चाललेला कार्यक्रम. रात्री वही उघडली तेव्हा तो चौकोन रिकामा होता. नोंद चुकली तर जागा कोरी ठेवा, अंदाजानं कधीही भरू नका, असं संस्थेच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. पण अकरा महिने माझा एकही चौकोन रिकामा गेला नव्हता, आणि बारावा महिना पूर्ण व्हायला एकच दिवस उरला होता. सकाळी ईशान्येचा वारा, रात्री ईशान्येचा. दोन्हींच्या मधे काय असणार? मी ईशान्य लिहिलं. मुलींना मी गणितात हेच शिकवत होते: दोन ज्ञात बिंदूंमधली किंमत काढायची. मला त्यात खोटं असं काही वाटलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर मी ते विसरूनही गेले होते.

"मिस कीलर?" कर्नल म्हणाले.

"ईशान्य," मी वाचलं. "जोर दोन."

"आभारी आहे. माझे प्रश्न संपले."

टॉलिव्हर उठले. ते जुलैमध्येच गावात आले होते. तरुण, देखणे, आणि आपण देखणे आहोत हे जाणणारे. मला वाटलं, आता विचारतील. आता विचारायलाच हवं.

"मिस कीलर, वारा दिसतो का हो?"

लोक हसले.

"नाही."

"मग न दिसणारी वस्तू तुम्ही रोज तीनदा वहीत उतरवता?"

"वारा दिसत नाही. वातकुक्कुट दिसतो."

"म्हणजे तो कोंबडा."

"हो, तो कोंबडा."

"आणि बिचारा कोंबडा गंजून एकाच दिशेला तोंड करून बसला असेल तर?"

"तर त्याच्या आदल्या दिवशी नैऋत्य आणि नंतरच्या दिवशी वायव्य अशी नोंद झाली नसती. पान तुमच्यासमोर आहे. शिवाय दर शनिवारी मी शिडीवर चढून त्याच्या दांड्याला तेल घालते."

"तुम्ही? शिडीवर?" त्यांनी ज्यूरीकडे वळून भुवया उंचावल्या. "बाईमाणसानं छपरावर चढून वाऱ्याचं गणित करायचं! गावात कोणी पुरुष नव्हता का?"

इतकी वर्षं चर्चच्या पायऱ्यांवर, दुकानात, शाळेच्या समितीपुढे मी हेच ऐकत आले होते.

"मि. टॉलिव्हर," मी म्हटलं, "तेल घालणारी बाई आहे की बुवा, हे कोंबड्याला कळत नाही. ते फक्त वकिलांना कळतं."

न्यायालय दणाणलं. खिडकीत बसलेला एक जण हसता हसता बाहेर पडला. न्यायाधीशांनी हातोडी आपटली, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. ज्यूरीतल्या बाराही जणांनी माझ्याकडे पाहिलं. गंमत म्हणून पाहत नव्हते ते. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. त्यांतले निदान चौघं तरी तीस मेला टेकडीवर होते. त्यांनी मला मुलींच्या पुढे उभं पाहिलं असणारच. पण छापील चौकोनातल्या आकड्यासमोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना आठवलं नाही.

"आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी टॉलिव्हरना विचारलं.

त्यांनी हसणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. "नाही."

त्यांनी विचारलं असतं, त्या वेळी तुम्ही घरी होतात का, तर मी खोटं बोलले नसते. असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे. ते खरंही असेल. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी खुर्चीतून उठले तेव्हा माझी मान ताठ होती. त्या क्षणी मला काय वाटत होतं ते मी कबूल करते. मला लाज वाटत नव्हती. मी जिंकले होते.

*

ज्यूरी चाळीस मिनिटांत परत आली. निर्दोष. हॅझलेट खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. कर्नलनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहून कोणालाही वाटलं असतं की न्याय असाच दिसतो.

पण त्या चाळीस मिनिटांत मी बाहेरच्या बाकावर बसून दुपारी दोन वाजता टेकडीवर काय होतं ते आठवत होते. आठवणं हा माझा धंदाच होता. ऊन होतं. कर्नल व्यासपीठावर भाषण करत होते. मी मुलींसह खाली, अगदी पुढे. चर्चच्या घड्याळाचे दोन ठोके पडले आणि कर्नल हसून म्हणाले, "घड्याळ सांगतंय आता आटप." लोक हसले. त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत आला आणि त्यांच्या हातातला भाषणाचा कागद उडाला.

तो माझ्या डोक्यावरून गेला. मी मागे धावले आणि थडग्यांच्या तिसऱ्या रांगेत, एका दगडाला चिकटलेला तो कागद मला सापडला. मी तो परत नेऊन दिला तेव्हा व्यासपीठावरून खाली वाकून कर्नल म्हणाले होते, "मिस कीलर, याची नोंद करा. वादळ, जोर दहा."

व्यासपीठाची पाठ नैऋत्येला होती. आमची पाठ नदीकडे, गिरणीकडे. कागद आमच्या डोक्यांवरून ईशान्येला गेला होता. ज्या दिशेला हॅझलेटच्या शेतातून गिरणी लागते, त्याच दिशेला. वीस मिनिटांनी पहिल्यांदा धूर दिसला.

म्हणजे दुपारी दोनची नोंद झाली होती. फक्त ती वहीत नव्हती. ती दोन माणसांच्या डोक्यात होती, आणि त्यांतल्या एकानं मला खुर्चीत बसवून फक्त एवढंच विचारलं होतं: वही कोणाची, अक्षर कोणाचं, काय लिहिलं आहे. तुम्ही पाहिलंत का, असं त्यानं विचारलं नव्हतं. शाळेत त्या ओळीवर त्याचं बोट इतका वेळ का थांबलं होतं, ते मला त्या बाकावर कळलं.

मी न्यायालयाच्या पायऱ्यांवर कर्नलना गाठलं. ते खालच्या पायरीवर उभे होते. समोर लोक टोप्या उडवत होते, कोणीतरी त्यांच्या नावानं ओरडत होतं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्या शेजारी गेले. ते माझ्याकडे वळले, उजवा कान पुढे करून, नेहमीसारखे.

"कर्नल," मी म्हटलं, "तुमच्या भाषणाचा कागद. तो ज्या दिशेला—"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. त्या नजरेत राग नव्हता. विनंतीही नव्हती. शाळेत पाहिला होता तोच थकवा होता. मग त्यांनी सावकाश, अगदी सावकाश अंग वळवलं, जणू गर्दीतल्या कोणाला हात करायचा आहे, आणि त्यांचा डावा कान माझ्यासमोर आला.

"दुपारी दोन वाजता वारा नैऋत्येचा होता," मी त्या कानात म्हटलं. "मी घरी नव्हते. तो आकडा मी रात्री भरला. आणि तुम्हाला ते माहीत होतं."

कर्नल गर्दीकडे बघून हसत होते. "आभार कसले मानताय, मिस कीलर," ते समोर पाहत म्हणाले. "आभार आम्ही तुमचे मानायचे."

त्यांच्या उजव्या बाजूला जायला दोन पावलं पुरली असती. मधे कोणी नव्हतं. मी मोजलं, दोन पावलं. आणि मग मी वही छातीशी धरून घरी गेले, कारण नऊ वाजताची नोंद घ्यायची होती.

*

आग बाहेरून आली नाही असं ठरल्यावर ती आतून आली असं ठरायला वेळ लागला नाही. डिसेंबरमध्ये लुंडवर तोच आरोप ठेवला गेला. तोपर्यंत कर्नल निवडून आले होते. खटला टॉलिव्हरनीच चालवला, आणि ज्या कोंबड्याला ते हसले होते त्याचीच नोंद त्यांनी पुराव्यात दिली. मला बोलावलंही नाही. वहीच्या पानाची नक्कल वाचून दाखवली गेली. लुंडला तीन वर्षं झाली.

त्याला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मारित शाळेत आली. मुली घरी गेल्या होत्या. ती दारातच उभी राहिली, हॅझलेट उभा होता तिथेच.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली. शब्द ती घरून जुळवून आली होती. "हाल्वर म्हणतो, छप्पर पहिलं. हाल्वर खोटं बोलत नाही. तुमचं यंत्र चुकतं का?"

मी तिच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "यंत्र बरोबर होतं."

शब्दन् शब्द खरा होता. असं खरं कसं बोलायचं ते मी सप्टेंबरात शिकले होते.

"हं," ती म्हणाली. तिनं मान हलवली, जशी माझ्या मुली न कळलेल्या गणिताला हलवतात. "मग बरं, बाई." आणि ती गेली.

हाल्वर लुंड दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगात त्या खोकल्यानं मेला. बातमी आली त्या आठवड्यात मी वॉशिंग्टनला पत्र लिहिलं: माझ्या ३० मे १८७०च्या दुपारच्या दोनच्या सर्व नोंदी रद्द समजाव्यात, त्या प्रत्यक्ष पाहून घेतलेल्या नाहीत. महिन्याभरानं उत्तर आलं. कोणा कारकुनाचं, सुंदर अक्षरातलं. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं होतं. शिवाय, मी काळजी करू नये, एका नोंदीनं मासिक सरासरीत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, असं लिहिलं होतं.

ते पत्र मी न्यायाधीशांना लिहायला हवं होतं. वॉशिंग्टनला लिहिणं सोपं होतं.

कर्नलनी वॉशिंग्टनमध्ये चांगलं काम केलं. हे मी कुजकेपणानं म्हणत नाही. जखमी सैनिकांसाठी त्यांनी जे कायदे करून घेतले त्यांमुळे पुष्कळ घरं उभी राहिली. ज्यूड हॅझलेट सत्तर वर्षांचा होऊन, उघड्या दाराच्या खोलीत मेला. कर्नल गावी आले की रस्त्यात भेटत, टोपी काढत, तापमान विचारत. आम्ही नेहमी मधे एक हाताचं अंतर ठेवून बोललो आणि मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. दोघांनाही ते सोयीचं होतं.

मागच्या महिन्यात, तीस मेला, न्यायालयासमोर त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला. समितीनं मला पुढची खुर्ची दिली, कारण त्या गाजलेल्या खटल्यातली मी शेवटची जिवंत साक्षीदार आहे. एका सिनेटरनं भाषण केलं. वकील, सैनिक, लोकप्रतिनिधी, तिन्ही ठिकाणी सत्याची बाजू न सोडणारा माणूस, असं तो म्हणाला. पुतळा चांगला झाला आहे. कोटाच्या घड्या, हातातलं पुस्तक, किंचित पुढे झुकलेली मान. फक्त ती मान कुठल्याच बाजूला वळलेली नाही, दोन्ही कान सारखेच पुढे आहेत. शिल्पकाराला कोणी सांगितलं नसावं.

गर्दी पांगेपर्यंत मी बसून राहिले. चर्चच्या घड्याळाचे दोन ठोके पडले. मी उठले आणि चौथऱ्याला वळसा घालून पुतळ्याच्या उजव्या बाजूला गेले.

दोनच पावलं होती.